शू! असं बोलायचं नसतं

बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना एक साधा खेळ दिला. समोर माणसांचे फोटो मांडलेले, त्यातला एक कोणीतरी मनात धरलेला. मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारायचे आणि कमीत कमी प्रश्नांत तो फोटो हुडकायचा. फोटोंत गोरी माणसं होती, काळीही होती. म्हणजे ‘माणूस गोरा आहे का?’ असा एक प्रश्न टाकला की बरेच फोटो एका झटक्यात बाद. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी तो बेधडक विचारला आणि खेळ भराभर उरकला. दहा-अकरा वर्षांची मुलं एरवी अशा खेळात धाकट्यांना सहज हरवतात. इथे मात्र ती मागे पडली. त्यांनी बाकी सगळं विचारलं, रंगाचं तेवढं टाळलं. ज्या फेरीत रंगाचा प्रश्नच येत नव्हता, तिथे हीच मुलं नेहमीसारखी पुढे गेली.

एव्हन अॅपफेलबॉम आणि भारतात जन्मलेल्या नलिनी अंबाडी यांच्या गटाचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या मुलांचे डोळे काही अधू नव्हते. रंग दिसला तरी तो बोलून दाखवायचा नसतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांना हे कोणी समोर बसवून शिकवलं नसणार. तीन वर्षांचं पोर दुकानाच्या रांगेत मोठ्याने विचारतं, ‘आई, तो माणूस इतका काळा का आहे?’ आई कानकोंडी होते, ‘शू!’ करते आणि हात धरून त्याला पुढे ओढते. असं चार-पाचदा झालं की धडा पाठ. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं. त्या माणसात तोंडाने उच्चारू नये असं काहीतरी आहे, एवढं मात्र पोराला पक्कं कळतं.

वर्णभेदाबद्दल मुलांशी कसं बोलावं यावर अमेरिकेत कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. त्यात मतभेद पुष्कळ आहेत, फॅशनी आहेत, दुकानदारीही आहे. त्यातून हाती लागलेली सर्वांत कामाची गोष्ट मला ही वाटते, की घरात कोणी काही बोललं नाही तरी मूल शिकतच असतं, आणि बहुतेकदा आई-बापांना हवं त्याच्या नेमकं उलट शिकतं.

सुरुवात पाळण्यापासून करू. इंग्लंडमध्ये २००५ साली झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्या बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले. त्यांनी सगळ्यांकडे सारखंच पाहिलं. तीन महिन्यांची बाळं मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. ‘पाहा, वर्णभेद रक्तातच असतो’ असं म्हणायला कोणी पुढे सरसावेल, म्हणून लगेच दुसरा अभ्यास सांगतो. इस्राएलच्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट घेतले: इस्राएलमधली गोरी, इथिओपियातली काळी, आणि इस्राएलमध्ये आलेल्या इथिओपियन कुटुंबांतली काळी. पहिल्या दोन गटांतली बाळं आपापल्या रंगाच्या चेहऱ्यांवर रेंगाळली. तिसऱ्या गटाला रोज दोन्ही रंगांची माणसं उचलून घेत होती, बोलत होती. त्या बाळांनी असा काही फरक केला नाही. तेव्हा रक्ताबिक्ताचं काही नाही. जे चेहरे आसपास असतात ते ओळखीचे होतात, इतकंच. आणि जास्त वेळ बघणं म्हणजे द्वेष करणंही नव्हे. पण माणसांची वर्गवारी किती लवकर सुरू होते, ते यावरून कळतं.

वर्गवारीतून पुढे काय होतं, हे टेक्सास विद्यापीठातल्या रिबेका बिगलर यांनी दाखवलं. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना टी-शर्ट वाटले, निम्म्यांना लाल आणि निम्म्यांना निळे. तीन आठवडे मुलं ते घालून शाळेत आली. काही वर्गांतल्या शिक्षिकांनी रंगाचा ‘र’सुद्धा काढला नाही. लालवाल्यांची वेगळी रांग नाही की निळेवाल्यांना वेगळा खाऊ नाही. मुलं एकमेकांत मिळूनमिसळून खेळलीही. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, कुठला गट चांगला? शर्यत कोण जिंकेल? मुलांनी आपापल्या रंगाकडे कौल दिला. ज्या वर्गांत शिक्षिकांनी रंगावरून मुलांना हाका मारल्या, रांगा लावल्या, तिथे हे आणखी ठळक झालं. मोठ्यांनी डोळ्यांना दिसणारा फरक ठेवला आणि त्याचं कारण सांगितलं नाही, की मूल आपलं आपण कारण शोधतं. टी-शर्ट तीन आठवड्यांनी उतरले. कातडी उतरत नाही. आणि बाहेरच्या जगात कुठल्या कातडीचा माणूस डॉक्टर आहे आणि कुठल्या कातडीचा संडास धुतो आहे, हे मूल रोज बघत असतं. त्याला कोणी सांगितलं नाही की यामागे इतिहास आहे, तर ते सरळ हिशेब करतं: ही माणसं अशीच असणार.

त्याच विद्यापीठात बिर्गिटे व्हिट्रप यांनी २००६ च्या सुमारास शंभरेक गोरी कुटुंबं घेतली. मुलं पाच ते सात वर्षांची. विद्यापीठ जिथे आहे ते ऑस्टिन हे टेक्सासमधलं उदारमतवादी शहर, आणि अभ्यासाचा विषय वंश आहे हे आई-बापांना आधीच ठाऊक होतं. म्हणजे आलेले सगळे बऱ्यापैकी पुढारलेले. काही कुटुंबांना सांगितलं, की मुलांशी रोज या विषयावर थोडं बोला. काय बोलायचं त्याची टिपणंही दिली. हे ऐकल्यावर काही कुटुंबांनी अभ्यासातूनच अंग काढून घेतलं. मुलाचं लक्ष रंगाकडे वेधायची त्यांची तयारी नव्हती. जी राहिली त्यांतली बहुतेक ‘सगळी माणसं सारखी असतात’, ‘देवाने सगळ्यांना घडवलंय’ अशा वाक्यांपलीकडे गेली नाहीत. मुलांच्या मतांत फरक पडला नाही. मोजक्याच, बोटांवर मोजता येतील इतक्या घरांत खरंखुरं बोलणं झालं, आणि त्याच घरांतल्या मुलांची मतं स्पष्टपणे बदलली.

या अभ्यासातली माझ्या लक्षात राहिलेली बाब वेगळीच आहे. मुलांना विचारलं होतं, ‘तुझ्या आई-बाबांना काळी माणसं आवडतात का?’ तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलं म्हणाली, माहीत नाही. काही तर सरळ ‘नाही’ म्हणाली. आई-वडील समजत होते की आपला चांगुलपणा मुलांना आपोआप कळतो. मुलांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

काळ्या घरांत न बोलण्याची ही चैन कधीच नव्हती. का, ते बाहुल्यांच्या एका जुन्या प्रयोगावरून कळतं. मॅमी फिप्स क्लार्क यांनी हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे काळ्यांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठात, एमएच्या प्रबंधासाठी बालवाडीतल्या काळ्या मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं हा विषय घेतला. पुढे त्या आणि त्यांचे पती केनेथ यांनी तो वाढवला. केनेथ क्लार्क यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या १२५ व्या रस्त्यावरच्या वूलवर्थ दुकानातून पन्नास-पन्नास सेंटच्या बाहुल्या विकत आणल्या. काळी बाहुली मिळणारी दुकानं तेव्हा फार नव्हती. चार बाहुल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांसमोर त्या ठेवून सूचना द्यायच्या: तुला खेळायला आवडेल ती दे. छान आहे ती दे. वाईट दिसते ती दे. आणि शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे.

सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. ‘वाईट दिसते ती’ म्हटल्यावर निम्म्याहून अधिकांनी तपकिरी दिली. मग शेवटची सूचना यायची. आत्ताच जिला वाईट म्हटलं, तीच आपल्यासारखी आहे असं दाखवायची वेळ आली तेव्हा काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. केनेथ क्लार्क यांना त्यानंतर हा प्रयोग करणं जड जाऊ लागलं, आणि कुणालाही जड गेलंच असतं. १९५१ साली दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्याच्या खटल्यासाठी त्यांनी तिथल्या सोळा मुलांची परीक्षा घेतली. त्यातल्या दहांना गोरी बाहुली आवडली, अकरांनी काळीला वाईट ठरवलं. तो खटला आणि इतर काही खटले मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की सरकारी शाळांत काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

इथे एक गोची आहे आणि ती लपवून उपयोग नाही. क्लार्क दांपत्याने दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांबरोबर उत्तरेतल्या मिश्र शाळांतली मुलंही तपासली होती. गोऱ्या बाहुलीची ओढ उत्तरेत कमी असायला हवी होती. ती उलट थोडी जास्तच निघाली. टीकाकारांनी हे लगेच पकडलं, की मग यात वेगळ्या शाळेचा दोष तो काय? माझ्या मते टीका बरोबर आहे आणि तिच्यातून निघणारं अनुमान आणखी अस्वस्थ करणारं आहे. मुलांना हे फक्त शाळेने शिकवलेलं नव्हतं. जाहिराती, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं, रस्ता, सगळेच शिकवत होते. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या किरी डेव्हिस या शाळकरी मुलीने एका लघुपटासाठी हाच प्रयोग पुन्हा केला. एकवीस काळ्या मुलांपैकी पंधरांनी गोरी बाहुली उचलली. निकालाला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती.

जाता जाता: केनेथ क्लार्क हे कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्राची पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, आणि मॅमी त्या पाठोपाठच्या. वर्षं १९४० आणि १९४३. त्यांच्या आधी पाव शतक त्याच विद्यापीठात मुंबई इलाख्यातून आलेला भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी जातीवर निबंध वाचत होता.

तर काळ्या घरांत बोलणं होतंच, कारण त्यावाचून गत्यंतर नसतं. मुलगा गाडी चालवण्याच्या वयाचा झाला की आई-वडील त्याला बसवून सांगतात, की पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेव. खिशाकडे एकदम हात नेऊ नकोस. उलटून बोलू नकोस. तुझं चुकलेलं नसलं तरीही. २०२० च्या मे महिन्यात मिनिॲपोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक गुडघा रोवून त्यांचा जीव घेतला. तेव्हा अनेक गोऱ्या घरांना पहिल्यांदाच कळलं, की शेजारच्या घरात हे असं शिकवणं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

पण काळ्या आई-बापांकडून शिकायचं ते भीतीपुरतंच नाही. बेव्हर्ली डॅनियल टेटम या मानसशास्त्रज्ञ, पुढे अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचा मुलगा बालवाडीत असताना एकदा म्हणाला, वर्गातला एक गोरा मित्र सांगतो की तू चॉकलेटचं दूध फार पितोस म्हणून तुझी कातडी तपकिरी झाली, हे खरं आहे का? इथे आई दोन प्रकारे चुकू शकली असती. एक, हसून सोडून देणं. दोन, त्या चिमुरड्याला वर्णद्वेष्टा ठरवून भडकणं. टेटम यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. नाही, दुधाचा काही संबंध नाही. कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हापासून जपतं. थोडंफार सगळ्यांकडेच असतं, तुझ्या मित्राकडेही आहे, आणि गोरी माणसं उन्हात रापतात ती त्याच्यामुळेच. तुझ्या शाळेत ते सगळ्यात जास्त तुझ्याकडे आहे! मग त्या शिक्षिकेशी बोलल्या, कारण वर्गभर आपल्या रंगाचा खुलासा करत फिरणं हे एवढ्याशा पोराचं काम नव्हे. शिक्षिकेच्या तोवर हे कानावरही आलं नव्हतं.

मेलॅनिनची गोष्ट मोठ्या मुलांना आणखी पुढे नेऊन सांगता येते. विषुववृत्ताजवळ ऊन कडक, तिथे गडद कातडीने माणसाला वाचवलं. उत्तरेत ऊन दुबळं, तिथे फिक्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवणं सोपं गेलं. सगळं हजारो वर्षांत, हळूहळू. रिचर्ड लेवाँटिन या जीवशास्त्रज्ञाने १९७२ साली हिशेब मांडला, की माणसांमाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतला असतो. म्हणजे वंश नावाच्या कप्प्यांना जीवशास्त्रात फारसा आधार नाही. मात्र इथे थांबून ‘मग वंश नाहीतच, विषय संपला’ म्हणणं ही पळवाट झाली. शरीरात नसलेली गोष्ट कायद्यात, बँकेत आणि पोलिसचौकीत शेकडो वर्षं खरी होती.

ते मुलांना सांगायचं कसं? याबाबतीतही टेटम यांचाच मासला उपयोगी आहे. मुलाने गुलामगिरीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी त्याला वयाला झेपेल इतकंच सांगितलं, पण खोटं काही सांगितलं नाही. खूप वर्षांपूर्वी या देशात आलेल्या युरोपियनांना कामाला माणसं हवी होती. त्यांनी आफ्रिकेतून धट्टीकट्टी, हुशार माणसं आणली, पण त्यांना मजुरी द्यायची नव्हती. हा मोठा अन्याय होता. त्या माणसांना घरची आठवण यायची, ती पळून जायची, लढायची. काही गोऱ्यांनाही हे पटत नव्हतं, ते मदत करायचे. इथे तीन पथ्यं पाळलेली दिसतात. मूल घाबरून जाऊ नये. आपले पूर्वज निव्वळ सोसणारे होते असं त्याला वाटू नये. आणि गोरा म्हणजे दुष्टच असंही त्याच्या मनात बसू नये. गोऱ्या मुलालाही ही गोष्ट अशीच सांगता येते. आपल्या रंगाची माणसं अन्याय करणारी होती तशी त्याविरुद्ध उभी राहणारीही होती, आणि आपण कुणाच्या बाजूचं व्हायचं हे आपल्या हातात आहे, एवढं त्यातून त्याला मिळतं.

मोठ्यांचं बोलणं याहून अवघड, कारण मोठ्यांना अब्रू असते. ‘तुम्ही आत्ता बोललात ते वर्णद्वेषी होतं’ असं म्हटलं की समोरचा विषय सोडून स्वतःच्या चारित्र्याचे दाखले देऊ लागतो. माझे किती काळे मित्र आहेत, मी कोणाला मत दिलं. जे स्मूथ या न्यूयॉर्कच्या रेडिओ-निवेदकाने २००८ साली एका छोट्या व्हिडिओत यावर नेमकं बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की कोणी खिसा मारला तर तो मनातून चोर आहे का यावर आपण चर्चा करत बसत नाही. पाकीट परत माग आणि मोकळा हो. माणूस कसा आहे हा वाद कधीच संपत नाही. काय बोलला, काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, यावर बोलता येतं. पुढे एका भाषणात त्याने वर्णभेदाच्या सवयींची तुलना दातांवरच्या किटणाशी केली. टॉन्सिल्ससारखं ते एकदा काढून टाकलं की झालं, असं नसतं. रोज घासावं लागतं, आणि दातात काही अडकलंय असं कोणी सांगितलं तर ‘मी स्वच्छ माणूस आहे’ म्हणून भांडायचं नसतं.

मनापेक्षा कृतीकडे बघा, हे सांगायला अर्थशास्त्रानेही हातभार लावला आहे. मारियान बर्ट्रांड आणि तमिळनाडूत जन्मलेले सेंधिल मुल्लईनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. अर्जांची प्रतवारी सारखीच ठेवली. फरक फक्त नावात. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्या घरांत आढळणारी नावं. काहींवर लकीशा, जमाल अशी काळ्या घरांतली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या नावाला पंधरामागे एक. त्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांपैकी कितीजणांच्या मनात द्वेष होता, हे कोणालाच सांगता येणार नाही. सांगायची गरजही नाही. लकीशाचा फोन वाजला नाही. तसंच घरांचं. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांना ‘धोकादायक’ म्हणून लाल रंग. त्या वस्त्यांत कर्ज मिळणं दुरापास्त झालं. घरांतला असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा आला तो १९६८ साली. तोवर गोऱ्यांच्या एका पिढीला घर मिळालं, तिच्या मुलांना ते वारसाहक्काने मिळालं, आणि काळ्यांच्या पिढीला भाड्याच्या पावत्या. आजचा कारकून कितीही सज्जन असो, नकाशाचं काम झालेलं आहे.

शिकवण्याच्या उत्साहात काय होऊ शकतं याचाही एक दाखला आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आयोवातल्या राइसव्हिल या पूर्ण गोऱ्या गावात जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून वाटणी केली. आज एका रंगाच्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, दुसऱ्या रंगवाल्यांनी ओळखीची पट्टी बांधायची. नंतर उलट. दोन वर्षांनी याच प्रयोगावर माहितीपट झाला. त्यात दिसतं, की पट्टी बांधलेल्या गटाला वाचनाच्या ज्या पत्त्यांना साडेपाच मिनिटं लागली, तेच पत्ते पट्टी उतरल्यावर त्यांनी अडीच मिनिटांत संपवले. कमीपणाचा शिक्का डोक्यातून बोटांपर्यंत कसा उतरतो, हे इतकं उघड क्वचितच दिसतं. तरीही आठ वर्षांच्या मुलांना न विचारता असं रडवावं का, हा प्रश्न उरतो, आणि माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मोठ्यांच्या कचेऱ्यांतून सक्तीने घेतली जाणारी एक दिवसाची प्रशिक्षणं त्या मानाने निरुपद्रवी असतात, आणि बहुधा निरुपयोगीही. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि त्यांच्या सहकारी अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी कंपन्यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी तपासून तसंच म्हटलं आहे. सक्ती आली की माणूस पाठ फिरवतो. २०२० नंतर या प्रशिक्षणांचं पेव फुटलं आणि पाठोपाठ अनेक राज्यांत शाळेत वंशाबद्दल काय शिकवायचं नाही याचे कायदेही आले. त्या ओढाताणीत घरातलं बोलणं आणखी महत्त्वाचं झालं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हे बोलणं होतं का? न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रिमाँट, बहुतेक घरांचं उत्तर ठरलेलं असतं, की ‘आपला काय संबंध, आपण अभ्यास करावा आणि पुढे जावं’. संबंध आहे. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक व्हायची परवानगी होती. हा राष्ट्रवार कोटा गेला तो १९६५ साली, काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने देशाची हवा बदलल्यावर. आज ज्याच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आहेत त्या मराठी इंजिनिअरचा व्हिसा त्या चळवळीच्या खांद्यावर बसून आला आहे. मुलाला सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट. दुसरी, १९८७ साली न्यू जर्सीत कपाळावरच्या कुंकवावरून नाव घेतलेल्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले होते, त्यात एकाचा जीव गेला. तेव्हा अभ्यासू असणं कामाला आलं नाही.

आणि मौनाचं म्हणाल तर आपल्या घरांत मौनही धड नसतं. आजी भारतातून सहा महिन्यांसाठी येते आणि प्रेमानेच नातीला म्हणते, ‘उन्हात नको गं खेळूस, काळी पडशील.’ नातीची वर्गातली जिवलग मैत्रीण काळी आहे. नात काही बोलत नाही, पण हिशेब करते. बाबा गाडी चालवताना एका वस्तीजवळ दारं लॉक करतात, मित्राशी फोनवर बोलताना ‘कल्लू’ म्हणतात. तेवढं मराठी-हिंदी पोरांना बरोबर कळतं. जून २०२० मध्ये फ्लॉइड यांच्या हत्येनंतर निदर्शनं चालू असताना अमेरिकेतल्या भारतीय बायकांनीच सह्यांची मोहीम काढून मुंबईच्या शादी डॉट कॉमला स्थळांमधली रंगाची चाळणी काढायला लावली. त्याच सुमाराला हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’तलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. नळीतलं क्रीम मात्र चालूच राहिलं.

‘आम्हाला रंग दिसत नाही’ हे गोऱ्या उदारमतवाद्याचं वाक्य ऐकलं की मराठी कानाला ते ओळखीचं वाटायला हवं. ‘आमच्या घरी जात कधी बोललीच गेली नाही’ असं अभिमानाने सांगणारे आपल्यात कमी नाहीत. ज्या घराला भाड्याची खोली मागताना पूर्ण नाव, म्हणजे आडनाव, विचारलं गेलं नाही, त्या घराला जात बोलावी लागत नाही. मुलांना जात न सांगणारी घरं मुलांचं लग्न ठरवताना मात्र चुकत नाहीत, आणि मुलं तेव्हा सगळं एकदम शिकतात.

खरं तर याविषयी बोलण्याचा सराव मराठीला फार जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण करून, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. १९४६ साली आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून विचारलं, की काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मिळेल का. ड्यूबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत तरुण लेखकांनी संघटना काढली तिचं नाव दलित पँथर ठेवलं, अमेरिकेतल्या काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून.

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना असतो. मुलं शाळेत त्याचे तक्ते करून घरी आणतात. २७ फेब्रुवारीला आपला मराठी भाषा गौरव दिन असतो, आणि गावोगावच्या मंडळांत, रविवारच्या मराठी शाळांत त्याचा कार्यक्रम होतो. यंदा त्या कार्यक्रमात एखादं समूहगीत कमी करा आणि मुलांसमोर फुल्यांची ती अर्पणपत्रिका वाचा. मग त्यांना प्रश्न विचारू द्या. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. त्यांना तसं सांगा, आणि पुढच्या रविवारी शोधून आणा.